रशियन दुनळी आणि माझा साडू

साडूचा नेम माझ्यापेक्षा चांगला आहे. लिहून टाकलं एकदाचं. घरात हे मी आजवर कबूल केलेलं नाही. बायकोजवळ तर नाहीच, कारण ती तिथल्या तिथे बहिणीला फोन लावेल.

मी थोरला जावई, तो धाकटा. रीतीनं मान माझा. पण सासरी गेलो की भाजीचं पातेलं आधी त्याच्याकडे वळतं, आणि 'पोट भरलं ना जी' हेही सासूबाई त्यालाच विचारतात. तेही मी सोसलं असतं. पण मला क्लेचा नाद लागला, म्हणजे यंत्रातून हवेत भिरकावलेली मातीची तबकडी छर्‍याच्या बंदुकीनं फोडायचा, आणि वर्षाच्या आत हा गडी माझ्या मागोमाग तिथंही आला. मी ऊर्जानगरहून वीजकेंद्रातली पाळी संपवून, डोळे चोळत रेंजवर पोचायचो. हा चंद्रपुरातून आंघोळ करून, सेंट मारून यायचा. पंचवीसपैकी माझ्या अठरा फुटल्या तर त्याच्या वीस. माझ्या वीस तर त्याच्या बावीस. वर पुन्हा म्हणायचा, "भाऊ, आज वारा तुमच्या उलट होता." हरामखोर चिडवतही नव्हता हो, मनापासून म्हणायचा. त्यानं तर माझा आणखी जळफळाट व्हायचा.

मी दोष बंदुकीला दिला. नाचता येईना अंगण वाकडं, हे मलाही ठाऊक आहे. पण माझं अंगण थोडं वाकडं होतंच. माझी दुनळी वडिलांच्या वेळची, धानातली डुकरं हाकायची. उडती तबकडी फोडायला ती घडलेलीच नव्हती.

चंद्रपुरात बंदुकांचे लाकडी दस्ते बसवणारे एक म्हातारे कारागीर आहेत. त्यांनी एकदा बोलता बोलता सांगितलं, की खास क्लेसाठी बनवलेली एक रशियन दुनळी त्यांनी आयुष्यात एकदाच हातात धरली. एकावर एक नळ्या, आणि नळ्यांची तोंडं जराशी फुगीर. ते फुगीर तोंड हीच तिची ओळख, छर्रे त्यामुळे छान पसरतात. कोणाची होती, तर कुरखेड्याकडच्या एका धानवाल्याची. बस्स, माझं डोकं त्या दिवसापासून ठिकाणावर राहिलं नाही. अशी बंदूक साडूकडे नाही, कोणाकडेच नाही, आणि ती माझ्या खांद्याला लागलेली तो बघतो आहे, हे चित्र मी पाळीवर टर्बाइनसमोर बसूनही बघायचो.

दोन सुट्ट्या कुरखेड्यात घालवल्या. तिथे चहाच्या टपरीवर कळलं, की तो माणूस कधीच वडशाला गेला, तिथे त्याची राईस मिल आहे. वडशात मिला काय कमी आहेत? तिसर्‍या मिलमध्ये तो सापडला. ऐंशीच्या पुढचा, ओट्यावर खुर्ची टाकून बसलेला, भुवयांवर कोंड्याची धूळ. मी ताकाला जाऊन भांडं लपवलं. तांदूळ पाहिजे म्हणालो, एक कट्टा भरून घेतलाही. म्हातारा हसला आणि म्हणाला, तांदूळ तिकडे भेटत नाई का जी? मग मी बंदुकीचं नाव काढलं.

त्यानं ती आतून आणली, बायकोच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली. छत्तीसगडकडच्या पोलाद कारखान्यात आलेल्या एका रशियन इंजिनिअरशी त्याची तरुणपणी दोस्ती झाली होती, देशाला परतताना त्यानंच ती दिली, रीतसर परवान्यावर. आता म्हातार्‍याचा खांदा उचलत नव्हता, पोरांना हौस नव्हती. ज्याला कदर आहे त्याच्या हातात जावी, एवढंच त्याचं म्हणणं. पैशाचं तर त्यानं नावही काढलं नाही.

मी ती उघडली, मिटली. इतका हलका, नेमका आवाज झाला की माझ्या अंगावर काटा आला. नळ्यांची तोंडं बघितली. फुगीर होती. तीच होती.

आणि नेमका इथं माझ्यातला शेतकर्‍याचा पोरगा जागा झाला. आमचे वडील बैलबाजारात पक्के. ते शिकवायचे, की मनात भरलेल्या बैलाच्या तोंडाकडे पाहायचं नाई, खुराकडे पाहायचं. खोट काढायची, पाठ फिरवायची, चालू लागायचं. विकणारा मागून हाक मारतोच. बाजार संपेपर्यंत जो आधी परततो, तो हरतो. आमच्याकडे सगळे असंच करतात, विकणाराही ते जाणून असतो, कोणी मनाला लावून घेत नाही.

"नळीचं तोंड फुगलं आहे, बाबा," मी तोंड वाकडं करून म्हणालो. "अन् जडही आहे."

म्हातार्‍यानं बंदूक परत घेतली. नळीच्या तोंडावरून बोट फिरवलं, लुगड्याच्या टोकानं पुसलं. विचार करून सांगतो म्हणालो, फोन नंबर ठेवला, कट्टा उचलला आणि निघालो. रेल्वे फाटकापर्यंत गाडी मुद्दाम हळू चालवली. हाक आली नाही.

घरी बायकोनं विचारलं, एवढी कुठं भटकंती? खरं सांगितलं असतं तर साडूला कळलं असतं, म्हणून तिलाही म्हणालो, "एक रशियन बंदूक पाहिली वडशात. काही दमाची नाई."

धान कापून झालं, मळणी झाली, वडशात नाटकांचे मंडप लागले. फोन आला नाही. मीही गेलो नाही, कारण जो आधी परततो तो हरतो.

मग एका रविवारी रेंजवर साडूनं नवी पेटी उघडली. आत तेच लुगडं.

"भाऊ, वहिनी हिच्याजवळ बोलल्या, तुमाले आवडली नाई म्हणून," तो म्हणाला. "म्हटलं आपण पाहून तर येऊ. कागद कालच हाती आले."

मग त्यानं सांगितलं ते असं. म्हातार्‍यानं आधी दाखवायलाच नकार दिला. एका पाव्हण्यानं तोंड फुगलेलं दाखवलं, तेव्हापासून त्यानं धरलं होतं की दोस्तानं विश्वासानं दिलेली वस्तू आपल्याच हातून कधीतरी खराब झाली. त्या दिवशी तो जेवलाही नव्हता. साडूनं त्याला समजावलं, की बाबा, हे तोंड जन्मापासूनच असं, हीच तर तिची शान. म्हातारा लहान मुलासारखा रडला, आणि बंदूक त्यानं स्वतःच्या हातानं साडूच्या मांडीवर ठेवली.

"तुमचा काय दोष, भाऊ," साडू म्हणाला. "माहीत नसलं की होते असं."

माहीत नसलं की! मला माहीत होतं. त्याच्या आधी, त्याच्यापेक्षा जास्त माहीत होतं. पण ते सांगायचं तर एका म्हातार्‍याला कशासाठी उपाशी ठेवलं, तेही सांगावं लागलं असतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. अडाणी ठरणं मी मुकाट्यानं गिळलं.

त्यानं बंदूक माझ्याकडे दिली. पहिला हात तुमचा, तुम्ही थोरले. मी उभा राहिलो. पंचवीसपैकी चोवीस फुटल्या. माझ्या काय, त्याच्याही आजवर इतक्या कधी फुटल्या नव्हत्या. त्यानं टाळ्या वाजवल्या, मग जवळ आला आणि हळूच विचारलं.

"भाऊ, खरं सांगा. तुमाले पाहिजे होती का? तसं असंल तर मी उद्याच अर्ज करतो, तुमच्या परवान्यावर चढवू."

तो खरंच देणार होता. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं नाही, खाली बंदुकीकडे बघितलं.

"छे," मी म्हणालो. "जड आहे."