साडभाऊंचा पैलवान

माशाला जागा करून देण्यासाठी स्वतःच्याच घरातून हद्दपार झालेला माणूस अख्ख्या नागपुरात एकच झाला, आणि ते माझे साडभाऊ होते हे मी आजही छाती फुगवून सांगतो. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, अक्कांचे यजमान, कारखान्यात फिटर. सत्तरच्या दशकात हौशी लोक काचेच्या टाकीत बोटभर रंगीत मासे पाळत. साडभाऊंनी नंदनवनातल्या दोन खोल्यांत कन्हान नदीतला शिंगाळा जातीचा मासा पाळला. नदीवर मासे धरणाऱ्या ढिवराकडून आणला तेव्हा तो वीतभर होता. रोज झिंगे आणि कलेजीचे तुकडे खाऊन तीन वर्षांत अडीच फुटांचा झाला, मिशा तर पोलीस जमादारालाही लाजवतील अशा. नाव पैलवान. त्याच्यासाठी साडभाऊंनी लोखंडी अँगल जोडून, जाड काच बसवून स्वतः टाकी बांधली. ती समोरच्या खोलीत मावेना, म्हणून दिवाण ओसरीत गेला आणि दिवाणावर झोपणारे साडभाऊही त्याच्यामागे गेले.

घरी येणाऱ्याला आधी टाकीसमोर उभं राहावं लागे. "पाहा, तुमच्याकडेच पाहून राहिला," ते सांगत. पैलवान तळातल्या वाळूखेरीज कशाकडेही पाहत नसे, पण "वाढला बुवा" म्हटल्याशिवाय चहा येत नसे. एका पाहुण्यानं "रश्श्यात किती जणांले पुरन हा?" असं विचारलं, तर त्याला साधं पाणीही मिळालं नाही. स्वतः साडभाऊ मासळीचे मोठे शौकीन, पण शिंगाळा खाणं त्यांनी कायमचं सोडलं. मी कारण विचारलं तर म्हणाले, "याच्यासमोर याच्या भावकीले कसं खावं गा?"

मग एका मे महिन्यात टाकीतलं पाणी कोमट झालं आणि पैलवान वर येऊन तोंड उघडू लागला. साडभाऊंनी घरातला एकुलता कूलर टाकीकडे वळवला, पोत्यात गुंडाळून बर्फाच्या लाद्या आणल्या. अक्का तीन दिवस पदरानं घाम पुसत पाहत होत्या. चौथ्या दिवशी त्या हळूच म्हणाल्या, "तुमचा जीव आहे त्याच्यावर, माहीत आहे मले. पण तो गुदमरून राहिला जी. काहून ठेवता त्याले?"

साडभाऊंनी त्याच संध्याकाळी मला बोलावून घेतलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच दारात टेम्पो उभा होता. पैलवानाला पाण्याच्या ड्रममध्ये घालून आम्ही दोघे कन्हानला गेलो. डोहात कमरेइतक्या पाण्यात उभं राहून साडभाऊंनी त्याला दोन्ही हातांवर धरलं, मग हात सैल केले. पैलवान थोडा वेळ तसाच राहिला. मला भीती वाटली. तेवढ्यात शेपटीचा असा एक तडाखा बसला की साडभाऊ मागे झोकांडले. "पाह्यलं का गा, केवढी ताकद," ते म्हणाले, आणि तो गेला त्या दिशेला बराच वेळ पाहत राहिले.

परतताना ते रिकाम्या ड्रमला टेकून बसले होते. "थंड होतं ना गा पाणी?" त्यांनी विचारलं. "होतं," मी म्हणालो. कामठी येईपर्यंत त्यांनी हेच आणखी दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा मी तितक्याच खात्रीनं "होतं" म्हणालो.