मरियाबाईंचं पेरूचं क्रंबल

मरियाबाई साळवे माझ्या शेजारी राहतात आणि अकरा वर्षं झाली, माझ्यावर संशय घेतात. आम्ही नगरला या कॉलनीत राहायला आलो त्या आठवड्यात मी त्यांच्याकडे विरजण मागायला गेले. त्यांनी दिलं, पण देताना वाटीच्या बुडाशी कोरलेलं स्वतःचं नाव मला वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी वाटी परत नेली, तर चष्मा लावून ते नाव पुन्हा वाचलं. मी शाळेत शिकवते, पण मुलांच्या वह्यासुद्धा इतक्या बारकाईनं तपासत नाही. तेव्हा मला जो राग आला तो अजून पुरता गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते.

संशय हा त्यांचा स्वभाव आहे असं कॉलनीत सगळे म्हणतात. मला विचाराल तर तो त्यांचा धंदा होता. चौतीस वर्षं त्यांनी एका मिशन हॉस्पिटलातल्या नर्सेसच्या हॉस्टेलचं स्वयंपाकघर सांभाळलं. दारात आलेली प्रत्येक वस्तू त्या आधी नाकाशी धरायच्या. दूध, डाळ, मटण, पिण्याचं पाणीसुद्धा. एकदा ठेकेदारानं तेलाचे डबे पाठवले. मरियाबाईंनी एक झाकण उघडलं, हुंगलं आणि डब्यांसमोर स्टूल टाकून ज्या बसल्या त्या मोठ्या डॉक्टरीणबाई येईपर्यंत उठल्या नाहीत. तेल तपासायला पाठवलं, ते भेसळीचं निघालं. तेव्हापासून कशाचीही शंका आली की 'मरियाला हुंगू द्या' असं म्हणायची हॉस्टेलात पद्धतच पडली. माणूस खोटं बोलतो, पावती खोटी असते, पण आपलं नाक आपल्याशी खोटं बोलत नाही, हे त्यांनी मला किती वेळा ऐकवलं असेल त्याला गणती नाही.

पेरूचं क्रंबल त्या याच डॉक्टरीणबाईंकडून शिकल्या. बाई परदेशातल्या. नाताळ जवळ आला की त्यांना घरच्या सफरचंदाच्या क्रंबलाची, म्हणजे शिजवलेल्या फळावर भाजलेल्या गोड चुऱ्याची, आठवण व्हायची. त्या काळी इथल्या बाजारात सफरचंद मिळालं तरी मऊ पडलेलं असायचं, म्हणून मरियाबाईंनी राहात्याकडचे पेरू घेतले. पिवळे पडू लागलेले, पण बोटानं न दबणारे. साल काढायची, बियांचा गर काढून टाकायचा. फोडी साखर, लिंबू आणि दालचिनीबरोबर नरम होईपर्यंत शिजवायच्या आणि पत्र्याच्या ट्रेमध्ये पसरायच्या. खरी कसोटी वरच्या थराची. जाडसर दळलेली कणीक, साखर, चिमूटभर मीठ आणि थंडगार लोणी. हात माठाच्या पाण्यात बुडवून, कोरडे करून, नुसत्या बोटांच्या टोकांनी लोणी पिठात चोळायचं. तळहात लागला की लोणी वितळतं आणि थराची पोळी होते. भरड रव्यासारखं झालं की थांबायचं, फोडींवर भुरभुरायचं, आणि दाबायचं अजिबात नाही. भाजताना कडेनं रस बुडबुडत वर आला आणि वर बदामी रंग चढला की झालं.

हे सगळं त्यांनी तोंडी सांगितलेलं. प्रत्यक्ष लोणी चोळताना त्या सगळ्यांकडे पाठ करून बसतात. मी चार वेळा करून पाहिलं. तीनदा वरचा थर दगड झाला आणि एकदा लापशी.

भाजायचं मात्र घरी नाही. त्यांच्या मुलानं, जोसेफनं, हौसेनं ओव्हन आणला होता. त्याच्या काचेतून आत बघून त्या म्हणाल्या की दिसतंय सगळं, पण कळत काहीच नाही. त्यात आता बरण्या ठेवतात. क्रंबलाचे ट्रे जातात कल्याण नावाच्या बेकरीवाल्याच्या भट्टीवर. दिवाळीला आणि नाताळाला घरोघरच्या नानकटाया तिथंच भाजून येतात, तसे हेही. नाताळच्या दिवशी उपासनेनंतर चर्चमध्ये प्रीतिभोजन असतं, त्यात मरियाबाईंचे चार ट्रे ठरलेले. त्यांच्या नावाचं त्या दिवशी पानात काय पडतं, तर तेवढंच.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मरियाबाई आजारी पडल्या. बऱ्याही झाल्या. त्यानंतर त्यांचं दुकानदारांशी बिनसलं. लवंगेतलं तेल आधीच काढून घेतात, हिंगात नुसता मैदा भरतात, दालचिनी म्हणून भलत्याच झाडाची साल विकतात, अशी तक्रार सुरू झाली. तीन वर्षांत तीन किराणा दुकानं बदलली. आम्हा कुणाला त्यात काही वेगळं वाटलं नाही, कारण त्या आधीही भांडतच होत्या. एवढ्या मोठ्या गोष्टीकडे आम्ही सगळ्यांनी खुशाल काणाडोळा केला, याची मला आज लाज वाटते.

खटका उडाला तो कौतुकावरून. आजारपणानंतरच्या तिसऱ्या वर्षीच्या प्रीतिभोजनात चर्चमधल्या लंकाबाईंनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि सहज म्हणून गेल्या, "मरियाबाई, तुमचं हे आता पयल्यापरीस झ्याक हुतंय."

दुसरी कुणी असती तर हसून पदर सारखा केला असता. मरियाबाईंचं जेवण तिथंच थांबलं. घरी येताना त्यांनी मला रस्त्यात उभं केलं. पीठ तेच, पेरू तेच, हात तोच, वय तेवढं वाढलेलं. मग चांगलं कसं झालं? मी म्हटलं, लोक बोलतात तसं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच काहीतरी केलंय.

त्यांच्या मनात मात्र नाव ठरलं होतं. आराधना, त्यांची सून. तिसगावची, मोजकं बोलणारी. कमी बोलणाऱ्याच्या पोटात लई असतं, असं मरियाबाईंचं मत. शिवाय दर डिसेंबरात तिचा भाऊ सत्यवान एसटीनं यायचा, त्याच्या हातात फडक्यात बांधलेला डबा असायचा, आणि तो डबा स्वयंपाकघरात कधी पोचायचा नाही. हे त्यांनी तीन वर्षं पाहिलं होतं, बोलल्या नव्हत्या.

पुढच्या नाताळच्या आदल्या दिवशी, दुपारी, त्यांनी मला साक्षीदार म्हणून बोलावलं. चार ट्रे भरून तयार होते. प्रत्येक ट्रेच्या एका कोपऱ्यात, वरच्या थरात, त्यांनी माझ्यासमोर एकेक लवंग उभी खोचली आणि वरून चिमूटभर थर भुरभुरून झाकली. मी पाहिलं का, हे दोनदा विचारलं. मग माझ्या मोबाईलवर फोटोही काढायला लावला. जोसेफ ट्रे भट्टीवर पोचवून आला. आराधना फुलं आणायला म्हणून बाहेर पडली आणि मरियाबाई चर्चच्या सजावटीला गेल्या.

पाचच्या सुमाराला ट्रे परत आले. मरियाबाईंनी मला पुन्हा बोलावलं. कोपऱ्याकोपऱ्यात चमच्याचं टोक घालून त्यांनी चारही ट्रे तपासले. एकातही लवंग नव्हती. वरचा थर मात्र सुरेख बदामी, दाणेदार, न दाबलेला. माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं, पण ती वेळ नव्हती. तेवढ्यात आराधना फुलं घेऊन आली.

"माझ्या नावावर कुनाचं खाऊ घालतीस लोकांला?" मरियाबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली.

आराधनानं फुलं ओट्यावर ठेवली. फ्रिजमधून स्टीलचा डबा काढला. तीन आठवडे साय साठवून मरियाबाईंनी स्वतः काढलेलं लोणी, ट्रेसाठी वापरून उरलेलं. झाकण काढून तिनं डबा सासूपुढे धरला.

"आई, हुंगा."

त्यांनी हुंगलं. परवाचंच लोणी आहे, त्याला काय झालंय, असं म्हणाल्या. मी दोन हात लांब उभी होते, तरी तो खवट वास माझ्यापर्यंत आला. मी तोंड वळवलं, आणि ते त्यांच्या नजरेतून सुटलं नाही.

"बाई, तुमी सांगा," त्या मला म्हणाल्या.

दहा वर्षांत त्यांनी माझा शब्द पहिल्यांदा मागितला होता. खोटं बोलले असते तर नाताळ सुखात गेला असता. मी म्हटलं, खवट आहे. चांगलंच खवट आहे.

"दोगी ठरवून आलायसा व्हय," त्या म्हणाल्या. आणि त्यांच्या हिशेबी ते बरोबरच होतं. एक सून, एक शेजारीण, आणि दोघींवर विश्वास ठेवायला आयुष्यात कधी कारण पडलेलं नाही.

त्या शेगडीकडे पाठ करून स्टुलावर बसल्या होत्या. करंज्यांच्या खव्यासाठी त्यांनी स्वतःच मघाशी दूध मंद आचेवर ठेवलं होतं. वाद चालू असतानाच मला आणि आराधनाला एकदम करपल्याचा वास आला. आराधना धावली, गॅस बंद केला. मरियाबाई शेगडीपासून दोन हातांच्या अंतरावर बसलेल्या, त्या विचारत होत्या की काय झालं, कुठं पळतेस.

आराधनानं पातेलं त्यांच्यासमोर आणलं. बुडाला काळं झालं होतं, वाफ निघत होती. मरियाबाई पातेल्यावर वाकल्या. एकदा श्वास घेतला, मग डोळे मिटून पुन्हा, खोल. हे दूध त्यांनी आणलं होतं, त्यांनी ठेवलं होतं, त्याच विसरल्या होत्या. यात संशय घ्यायला दुसरं कुणी नव्हतं. मी खिडकीकडे बघत राहिले.

"कवापास्नं?" त्यांनी विचारलं.

आराधना खाली बसली आणि मग बोलली. आजारपणानंतरच्या पहिल्या नाताळला लोण्याचा वास तिला आला होता. सांगायची सोय नव्हती, सासूच्या हातात खोट काढते असंच झालं असतं. म्हणून तिनं तिसगावहून ताजं लोणी मागवलं आणि सत्यवानाचा डबा परभारे भट्टीवर पोचवला. कल्याणनं खवट थर खरवडून काढायचा, हिनं तिथं उभं राहून नवा घालायचा. हा चौथा नाताळ. खालच्या फोडी दर वर्षी मरियाबाईंच्याच, हे तिनं दोनदा सांगितलं.

"आन् चोळायला कुनी शिकवलं?"

"तुम्ही पाठ करून बसता, पण समोर कपाटाचा आरसा आहे," आराधना म्हणाली.

म्हणजे मरियाबाईंचा संशय अगदी खरा निघाला होता. माणूस तेच, डबा तोच, कारस्थान तेच. कारण तेवढं त्यांना कधी सुचलं नव्हतं. त्यांनी करपलेलं पातेलं जवळ ओढलं. मग विचारलं, हात माठाच्या पाण्यात बुडवतेस का फ्रिजच्या? आराधना म्हणाली, फ्रिजच्या. "तरीच," एवढंच म्हणून त्यांनी पातेलं घासायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी प्रीतिभोजनात लंकाबाईंनी पुन्हा तारीफ केली. मरियाबाईंनी हातातलं पान खाली ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की वरचं सुनेनं केलंय. आराधना पाणी आणायच्या निमित्तानं उठून गेली ती बराच वेळ आली नाही.

स्वभाव एका दिवसात जात नाही. त्यानंतर वर्षभर मरियाबाई दुधाची, लोण्याची, तेलाची वाटी आधी आराधनाच्या नाकाशी धरायच्या, तिनं काय सांगितलं ते मनात ठेवायच्या, आणि तीच वाटी कुंपणाच्या भिंतीवरून माझ्याकडे द्यायच्या. दोघींचं जुळलं तरच वस्तू चुलीवर जायची. मी वैतागायचे. सकाळी शाळेची घाई, आणि भिंतीवर वाटी, तीच, बुडाशी नाव कोरलेली.

यंदाच्या डिसेंबरात मी वाटीची वाट पाहत होते. लोणी काढल्याचं मला रवीच्या आवाजावरून कळलं होतं. बराच वेळ झाला तशी मी भिंतीपाशी गेले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दोघी दिसत होत्या. मरियाबाईंनी डबा पुढे केला, आराधनानं हुंगून मान हलवली, आणि मरियाबाईंनी बोटं माठाच्या पाण्यात बुडवली. या वेळी त्या पाठ करून बसल्या नव्हत्या. वाटी माझ्याकडे आलीच नाही.