ताप लपवणारी पोर

आणि वर बायको मलाच म्हणते, तुम्हाला तिकडं बसून काय कळतंय! मी एवढंच सांगत असतो की पोरीला घेऊन रोह्याला ये, तिथल्याच अष्टमी गावात माझ्या आईकडे राहा. ती ठाण्यात पॅकिंगच्या नोकरीला, चार वर्षांची स्वरा दिवसभर पाळणाघरात आणि मी मस्कतला.

आज सकाळी व्हिडिओ कॉल लावला. दोघी पाळणाघराच्या वाटेवर होत्या. स्वराचे डोळे लाल. हळूच बोलली, "बाबा, मला ताप हाय. मावशींना सांगू नको, त्या घरी पाठवतात."

माझं डोकंच फिरलं. "पोरीला खोटं शिकवतेस गो?"

"औषध पाजलंय," बायको म्हणाली. "घरी राहिले की दिवसाचे सातशे कापतात. रोह्याजवळ धाटावच्या कारखान्यांत तुम्हाला काम मिळालं नाय, मला कोण देणार? एवढी काळजी हाय तर या, बसा तिच्याजवळ."

मधेच स्वरा म्हणाली, "मी रडणार नाय बाबा. मग कुणाला कळणार नाय."

तुमच्यात कुणी असं लांब असेल तर सांगा, अशा वेळी काय करता? मी फक्त म्हटलं, परत फिर, दोन दिवस तिच्याजवळ थांब. चौदाशे रुपये पाठवतोय.