किती अँपिअर आहेत घरी?

बगदादच्या सिनाआ रस्त्यावर काँप्युटरची दुकानं किती आहेत ते मोजायला कुणाला वेळ नाही. पण आलेलं गिऱ्हाईक स्वतःहून परत पाठवणारा दुकानदार एकच होता, आणि आमच्या लोकांनी लाल रंगाने शटर रंगवलं ते नेमकं त्याचंच. आठवलं की आजही माझं डोकं तापतं, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

त्याचं नाव झहरून. थोरल्या मुलाच्या नावावरून आम्ही त्याला अबू सलवान म्हणतो. माझं केबलींचं दुकान त्याच्या बरोबर समोर आहे, गेली बावीस वर्षं. तो मूळचा अमाराचा, वाहत्या नदीत दीक्षा घेणाऱ्या साबी लोकांतला. वडील चांदीवर काळी नक्षी काढायचे. निर्बंधांच्या काळात देशात नवा सुटा भाग दिसेनासा झाला, तेव्हा या पठ्ठ्याने वडिलांचं भिंग डोळ्याला लावलं आणि मेलेल्या बोर्डांवर डाग द्यायला बसला. त्या दिवसांत अर्ध्या शहराची यंत्रं त्याच्या हातांवर जगली. पुढे भाऊ स्वीडनला गेला, बहीण ऑस्ट्रेलियाला. फोनवर दोघांचं एकच पालुपद, तू कधी येतोस? हा म्हणायचा, "हातातलं काम संपलं की." ते काही संपलं नाही.

स्वतः त्याने आयुष्यात एक गेम खेळला नाही. नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं की गेम सुरू करायचा, त्यातल्या माणसाला कुरणात उभा करायचा आणि गवत बघत राहायचा. मागून गोळ्या येतायत, माणूस मरतोय, याला पत्ता नाही. "बघ, पातं न् पातं वेगळं हलतंय," मला हाक मारून दाखवायचा. मी म्हणायचो, "अबू सलवान, एवढ्या किमतीत खरी मेंढी आली असती, गवतही तिनेच खाल्लं असतं." जुना पडदा आणि नवा पडदा शेजारी ठेवून, दोन्हींवर अमाराच्या नदीकाठचा एकच फोटो लावून तो गिऱ्हाइकाला विचारायचा, "यात बोरूची पानं मोजता येतात का?" ज्याला मोजता आली त्यालाच महागडा पडदा.

पण त्याआधी एक प्रश्न असायचा, अगदी सलामाच्या पाठोपाठ. "किती अँपिअर आहेत घरी?"

सरकारी वीज येते-जाते, मधल्या वेळी गल्लीतला जनरेटर. जनरेटरवाल्याकडून प्रत्येक घर आपल्या ऐपतीप्रमाणे अँपिअर घेतं, तेवढ्याच ताकदीचा खटका त्या घराच्या नावाने खांबावर लागतो. जास्त ओढलं की खटका पडतो आणि घर अंधारात. म्हणून झहरून आधी अँपिअर विचारायचा आणि त्यात बसेल तेवढीच ताकद विकायचा. चारवाल्याला मोठं कार्ड मागूनही मिळायचं नाही. "अंथरूण पाहून पाय पसर बाबा," म्हणून पाठीवर हात ठेवून वाटेला लावायचा. तो बापडा शेजारच्या दुकानात जाऊन तेच कार्ड घ्यायचा आणि महिन्याभराने जळलेलं घेऊन झहरूनकडेच यायचा.

माझं त्याला नेहमी सांगणं असायचं, "अरे, हा प्रश्न चारचौघांत विचारू नकोस. आमच्याकडे माणूस पगार खरा सांगेल, अँपिअर नाही सांगणार."

"डॉक्टरने ताप विचारला तर लाज वाटते का?"

"तापाने सोयरीक मोडत नाही. अँपिअरने मोडते."

त्यावर तो हसला होता. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

मागच्या उन्हाळ्याच्या तोंडाला मिसाक आला. आमच्याच कबिल्यातला, माझ्या चुलत्याच्या सोयऱ्यांपैकी. वय पस्तीस, नोकरी वीज खात्याच्या कचेरीत, लग्न ठरत होतं. पाच वर्षांपूर्वी झहरूननेच बांधून दिलेलं यंत्र त्याच्याकडे होतं. आता त्याला बत्तीस इंची, चौपट बारीक चित्राचा पडदा हवा होता आणि तो ओढू शकेल असं सगळ्यात वरचं कार्ड. दुकानात तेव्हा आणखी चार गिऱ्हाइकं होती, त्यांतला एक त्याच्या होणाऱ्या बायकोचा मामेभाऊ.

"किती अँपिअर आहेत घरी?" झहरूनने विचारलं.

"दहा," मिसाक म्हणाला.

"पाच वर्षांपूर्वी चार होते."

"तेव्हाचं सोडा उस्ताद. माणूस पुढे जातो का नाही?"

"पुढे जावंच. दहा असतील तर चालेल. पण जनरेटरवर एसी लावायचा नाही. आणि माझं ऐकशील तर एक पायरी खालचा पडदा घे. अर्ध्या ताकदीचं कार्ड पुरेल, डोळ्याला फरक कळणार नाही."

"मला पानं मोजता येतात उस्ताद," मिसाक मामेभावाकडे बघत म्हणाला.

झहरूनने कार्ड बसवलं, त्याला पेलणारा नवा वीजपुरवठ्याचा डबा घातला, पडदा स्वतः कागदात गुंडाळला. माणूस शब्द देतो म्हटल्यावर खांबावर चढून खटका थोडाच तपासायचा?

आमच्या मिसाकच्या घरी अँपिअर चारच होते. नवरीकडच्यांसमोर नाक वर राहावं म्हणून दहा. त्या यंत्रावर खेळ सुरू झाला आणि फ्रीजने जरा जोर केला की खटका पडायचा. आठवडाभर आईने शिव्या घातल्या. मग या वीज खात्याच्या शहाण्याने शिडी लावली आणि खांबावरचा चारचा खटका काढून वीसचा बसवला. म्हणजे जनरेटरवाल्याची सरळ चोरी. पण चोरी पकडायला माणूस यायच्या आधी ऑगस्ट आला. भर दुपारी तार वितळली, घरात विजेचा भलताच दाब शिरला, आणि कार्ड, पडदा, फ्रीज, पंखा सगळ्यांनी एकदम राम म्हटलं. पडद्यावर काही दिसण्याइतकं उरलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी झहरूनच्या शटरवर लाल अक्षरं होती: कबिल्याला हवा आहे. खाली आमच्या कबिल्याचं नाव. चोर तो चोर वर शिरजोर म्हणतात, तो हा. ही अक्षरं लागली की बैठक होऊन निकाल लागेपर्यंत कुलूप उघडायचं नसतं. उघडलं तर गोळी येते. पोलीस शटरवरून नजर फिरवून चहा प्यायला पुढे गेला. आणि मी माझं दुकान नेहमीच्या वेळी उघडलं, समोर बसून ते नाव दिवसभर वाचलं. ते माझंही नाव आहे.

मी मिसाकच्या गल्लीत जाऊन सगळी माहिती काढली. जनरेटरवाल्याने वीसचा खटका माझ्या हातात ठेवला. तो घेऊन तडक झहरूनच्या घरी गेलो.

"हा घे पुरावा. बैठकीत तोंडावर फेक त्याच्या."

त्याने भिंग लावून खटका उलटसुलट पाहिला आणि परत दिला. "नाही फेकणार."

"का? दुकान जाईल तुझं."

"लग्न ठरतंय त्याचं. घरचं उणं मी चारचौघांत का काढू? चारचौघांत विचारलं हीच माझी चूक होती, असं तूच म्हणतोस ना?"

"माझं बोलणं आता कशाला उगाळतोस? तुझ्या बाजूने बसणार कोण, ते सांग."

साबी लोकांना कबिला नाही. शहरात उरलेत किती, आणि जे आहेत ते सोनार, म्हातारे. बळी तो कान पिळी, हे त्याला मी सांगायची गरज नव्हती. खालच्या आवाजात त्याने विचारलं, "तू कुठे बसशील?"

मी म्हणालो, "बघू." असं बोलणाऱ्या जिभेला काय म्हणावं ते वाचणाऱ्यांनीच ठरवावं.

बैठक आमच्या कबिल्याचे प्रमुख शेख शलाल यांच्या दिवाणखान्यात भरली. आमच्या बाजूला साठ माणसं. झहरूनच्या बाजूला रस्त्यावरचे तीन दुकानदार आणि एक म्हातारा सोनार. मी साठांत बसलो. तिकडे बसलो असतो तर उद्या माझ्या अंत्ययात्रेलाही कुणी आलं नसतं. आपलेच दात आपलेच ओठ, अशी स्वतःची समजूत घालत होतो. झहरूनसमोर कॉफीचा पेला ठेवला. रिवाजाप्रमाणे बोलणं पुरं होईपर्यंत त्याने तो उचलायचा नव्हता, आणि त्याने उचलला नाही.

मिसाकच्या बाजूने एकजण भसाभसा बोलला. यंत्र खोटं, माल जुना, आई घाबरून आजारी. शेखांनी हात वर केला. "आम्ही हलक्या मनाचे नाही. पैसा नको. उस्ताद, तू फक्त सगळ्यांसमोर म्हण की बसवण्यात माझी चूक झाली. कागद होईल, उद्या दुकान उघड."

आमचे लोक माना डोलावू लागले, शेख किती मोठ्या मनाचे म्हणून. माझ्या अंगाची लाहीलाही झाली. बावीस वर्षांत ज्याने एका स्क्रूबद्दल खोटं सांगितलं नाही, त्याच्याकडून दान दिल्यासारखं खोटं वदवून घेत होते.

झहरून म्हणाला, "शेख, दहा अँपिअरला चालेल असं मी बसवलं. त्यात चूक नाही."

तेवढ्यात मिसाकचा बाप, हाजी मुतलक, शेजाऱ्याच्या कानाशी लागला. त्याला कमी ऐकू येतं, म्हणून त्याचं कुजबुजणं सगळ्या दिवाणखान्याला ऐकू गेलं. "दहा कुणाच्या घरी? आपल्याकडे चार आहेत. हप्ता मीच भरतो."

मिसाकने गालिच्यात तोंड घातलं. शेखांचं कपाळ लाल झालं, पण शेख म्हणजे शेख. "चार असोत नाहीतर दहा," ते म्हणाले, "घर बघून यायचं काम विकणाऱ्याचं. म्हणजे चूक तुझीच राहते. मान्य?"

म्हणजे आमच्या माणसाचं खोटं उघडं पडलं आणि माफी मात्र झहरूनने मागायची. मला वाटलं, आता तो उठून निघून जाईल, स्वीडनचं तिकीट काढेल, आणि बरं करेल.

झहरून उठला नाही. "मान्य," तो म्हणाला. "चूक माझी. लिहून घ्या."

शेखांच्या कारकुनाने कागद पुढे ओढला.

"लिहा. मी, झहरून, झबदचा मुलगा. मिसाकला विचारलं, किती अँपिअर? त्याने सांगितलं, दहा. मी या कबिल्याच्या माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवला. ही माझी चूक. पुन्हा होणार नाही."

कारकुनाची लेखणी थांबली. त्याने शेखांकडे पाहिलं. शेखांना ते लिहूही देता येईना, आणि नको म्हणताही येईना, कारण चुकीची कबुली त्यांनीच मागितली होती. शेवटी ते नुसते म्हणाले, "लिही." कागद झाला, तो झहरूनच्या पेल्याशेजारी ठेवला. आता रिवाजाप्रमाणे आमच्या बाजूच्या दोन साक्षीदारांनी त्याखाली सही करायची होती. त्याशिवाय निकाल लागत नाही आणि कुलूप उघडत नाही.

साठांतला एकही हलेना. ज्यांनी रात्रीच्या रात्री शिड्या लावून शटर रंगवलं होतं, त्यांना आता लेखणी जड झाली. आपला शब्द कवडीमोल आहे यावर सही कोण करणार? मी माझ्या गुडघ्यांकडे बघत होतो.

हाजी मुतलक भिंतीला धरून उठला. "काय लिहिलंय ते मोठ्याने वाचा," म्हणाला. कारकुनाने वाचलं. म्हाताऱ्याने मुलाकडे पाहिलंसुद्धा नाही. शाईत अंगठा बुडवला आणि कागदावर दाबला. मग झहरूनसमोरचा पेला उचलून त्याच्या हातात दिला. "पी बाळा, गार झाली."

त्यानंतर मी उठलो आणि दुसरी सही केली. लोक अजून मला म्हणतात, अबू दुरैद, तू धीराचा, कबिल्यासमोर सही केलीस. मी त्यांना प्रत्येक वेळी सांगतो की मी दुसरा होतो. बावीस वर्षं समोर बसणारा मी, आणि पहिला उठला तो ज्याच्या घरातलं सगळं जळलं होतं.