मागं सोडलेला कुत्रा

दार उघडलं की आधी वास यायचा, मुताचा आणि ओकारीचा. कळस गावात आई आणि मी दोघीच राहतो. डाळिंबाच्या बागेतून परतलो की रोज तेच. दाराच्या आतल्या ढलप्या निघालेल्या, फरशीवर लाळेचं थारोळं, आणि त्यात लोळलेला लॅब्रॅडॉर रक्ताळल्या नखांनी माझ्या अंगावर झेपावणार. मी ओढणीनं नाक बांधून फिनेल ओतायची.

कुत्रा माझ्या चुलतभावाचा. नव्या गाडीशेजारी फोटोत बरा दिसतो म्हणून आणलेला. पुण्याला नोकरी लागली तेव्हा फ्लॅटमध्ये कुत्रा चालत नाही असं सांगून त्यानं तो आमच्या ओट्यावर सोडला. तेव्हापासून त्याला एकटं राहणं सोसेना. मी चप्पल पायात घातली तरी थरथरायचा. शेजारच्या आबांचं मत, दोन काठ्या घातल्या की येईल वळणावर.

दिवाळीला चुलतभाऊ आला. फाटकाबाहेर गाडी सुरू करायची, थोडी पुढं न्यायची, आणि कुत्रा रडत जाळीवर डोकं आपटायला लागला की मोबाईलवर शूटिंग करायचं, हा त्याचा खेळ. तो व्हिडिओ त्यानं घरच्या ग्रुपवर टाकला. आत्या, मामा, सगळ्यांचे हसून लोळणारे चेहरे धडाधड आले. फरशीवरच्या घाणीची कधी आली नव्हती एवढी शिसारी मला त्या चेहऱ्यांची आली. मी ग्रुप सोडला.

मग बारामतीच्या जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं तसं करत गेले. चप्पल घालून घरातच बसायचं. किल्ली वाजवायची आणि कुठंही जायचं नाही. फाटकापर्यंत जाऊन, त्यानं ओरडायच्या आत परत यायचं. मग रस्त्यापर्यंत. आल्यावर लाड नाहीत, शांत झाला की मगच पाठीवर हात. आईला हा पोरखेळ वाटायचा, पण निघताना त्याच्यापुढं दूधभाकरीचा काला तीच ठेवायची. उन्हाळ्यापर्यंत, आम्ही बागेतून येईस्तोवर तो पोत्यावर पडून राहायला लागला. घराचा वासही गेला.

हे कानावर गेल्यावर चुलतभाऊ कुत्रा न्यायला आला. आता त्यानं अंगण असलेलं घर घेतलं होतं. कुत्रा शेपूट हलवत धावला आणि त्याचे बूट चाटायला लागला. मला त्या लाचारीचीही किळस आली.

"आक्का, घरात घाण करायचं थांबलंय ना?" त्यानं विचारलं.

"न्हाय. आज सकाळीच गादीवर केलीय," मी म्हणाले.

आईनं माझ्याकडं पाहिलं आणि चुलतभावापुढं चहा ठेवला. त्यानं बूट मागं ओढून घेतला, पुढच्या वेळी बघू म्हणाला, आणि अर्धा चहा तसाच ठेवून निघून गेला. कुत्र्याला त्यानं हातसुद्धा लावला नाही.

कुत्रा संध्याकाळपर्यंत फाटकाशी रडत उभा राहिला आणि शेवटी तिथंच ओकला. मी बादली भरायला गेले.