भिंतीत गेलेली ऊब

"मशीन ठीक आहे, सिस्टरला वापरता येत नाही. एवढं लिहा आणि निघा," डॉक्टर म्हणाले. मी अजून बॅगही उघडली नव्हती.

मी बायोमेडिकल इंजिनिअर. दवाखान्यांतली यंत्रं तपासते, दुरुस्त करते. राहते गोंदियाजवळच्या मुर्रीला, पण दिवस जातात जिल्ह्याच्या रस्त्यांवर. त्या दिवशी केशोरीच्या पलीकडच्या एका आरोग्य केंद्रात होते. तक्रार वॉर्मरची होती. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला वरून ऊब देणारं हे यंत्र. आत हीटरची कॉइल असते, फार काही गूढ नसतं. थंडीचे दिवस होते. काही दिवसांपूर्वी इथून गोंदियाला पाठवलेलं एक बाळ गारठून पोचलं होतं. वाचलं. पण खापर फुटलं कुंदा सिस्टरवर. त्यांची नोकरी कंत्राटी. माझ्या रिपोर्टात 'वापरातील चूक' एवढे दोन शब्द आले असते, तर त्या घरी बसल्या असत्या.

"मॅडम, वॉर्मर आधीच चालू करून ठेवला होता," सिस्टर म्हणाल्या. "तरी लेकराचे पाय थंडेच. मी कायले खोटं बोलू? अन् आता पलीकडे ललिता कळा देऊन राहिली. तिच्या बाळाले कुठं ठेवू, ते सांगा पहिले."

पडद्यापलीकडून कण्हणं ऐकू येत होतं.

मी सॉकेटमध्ये मीटर घातला. २३० व्होल्ट. दारात ठेकेदार उभा होता. या खोलीचं वायरिंग त्यानेच नवीन करून दिलं होतं, आणि आता बाहेर कंपाउंडच्या लाइटचं कामही त्याच्याचकडे होतं.

"देखा? एकदम नया वायरिंग आहे मॅडम. टेस्टिंग करून दिलं."

"टेस्टिंग कसं केलं?"

"कसं म्हणजे? तुम्ही आता केलं तसंच. सॉकेटमध्ये मीटर टाकून."

"यंत्र चालू करून?"

"मशीन का इसमें क्या काम?"

माझं डोकं तिथेच तापलं. पाटाचं शेवटचं दार बंद ठेवा, तर गाळाने भरलेल्या पाटातही पाणी तलावाइतकंच उभं दिसतं. दार उघडलं की कळतं, बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, किती पोचतं ते. रिकाम्या सॉकेटवर मोजलेलं व्होल्टेज म्हणजे हे बंद दार. आणि आपल्याकडे अशाच रिकाम्या सॉकेटवर 'ओके'च्या सह्या होतात.

मी वॉर्मर पूर्ण हीटरवर लावला आणि पुन्हा मोजलं. मेन बोर्डवर २३०च होतं. सॉकेटवर मात्र २००. वायरीला चिमट्यासारखा लागणारा क्लॅम्प मीटर करंट दाखवत होता अडीच अँपिअर.

आता गणित. व्होल्टेजला करंटने भागलं की रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा विरोध, मिळतो. २०० भागिले अडीच, ८० ओहम. कॉइल अगदी ठणठणीत होती. व्होल्टेजला करंटने गुणलं की पॉवर मिळते. २०० गुणिले अडीच, ५०० वॉट. यंत्राच्या पाटीवर लिहिलं होतं ६६०. बाळाच्या वाट्याची जवळपास पाव ऊब गायब होती.

ती कुठे गेली? बोर्ड ते सॉकेट या रस्त्यात ३० व्होल्ट पडत होते. भागिले अडीच, १२ ओहम. एवढ्या अंतराच्या धड वायरीचा एक ओहमही भरत नाही. ३० गुणिले अडीच, ७५ वॉट. वायरी डाग देऊन जोडायची तीन तापती सोल्डरिंग आयर्न प्लास्टरखाली जळत ठेवल्यासारखं. बाकीची ऊब तयारच होत नव्हती, कारण या अडथळ्याने करंटही कमी केला होता.

"भिंतीला हात लावा," मी ठेकेदाराला म्हटलं.

त्याने सॉकेटच्या वर हात ठेवला आणि लगेच काढला.

"लेकरू थंडं अन् भित गरम!" सिस्टर म्हणाल्या.

डॉक्टर घसा खाकरत बोलले, "ठीक आहे. वर कळवू. एस्टिमेट येईल, मग..."

"मग ललिताले सांगू का सर, एस्टिमेट येतपर्यंत दम धर म्हणून?"

मी त्या लाइनचा स्विच पाडला.

"तुमच्या गाडीतलं वायरचं बंडल आणा," मी ठेकेदाराला म्हटलं.

"ते कंपाउंडचं आहे."

"आणा म्हटलं ना! आणि शिडीपण."

त्याने आणलं. बोर्डापासून वॉर्मरपर्यंत अखंड वायर ओढली, भिंतीवरून, उघडी दिसेल अशी. 'भद्दी दिखती है,' असं तो पुटपुटत होता. दिसू दे! यंत्र चालू करून मोजलं. २२९ व्होल्ट, २.८६ अँपिअर. गुणाकार ६५५ वॉट.

दुपार कलायच्या आधी ललिताला मुलगी झाली. सिस्टरने तिला वॉर्मरखाली ठेवलं. थोड्या वेळाने तळव्यांना हात लावून पाहिला आणि माझ्याकडे बघून होकाराची मान डोलावली.

बाळाला पलीकडे आईजवळ नेल्यावर आम्ही भिंत फोडली. नव्या वायरिंगच्या नावाखाली दुसऱ्या कामांवरचे उरलेले तुकडे निघाले. एकाला एक पीळ मारून, टेप गुंडाळून, वर प्लास्टर. दोन जोड काळे पडलेले, एकाचा कोळसा.

"तुकडे फेकते कोण मॅडम? सगळे असंच करतात," ठेकेदार म्हणाला. तो खरं बोलत होता. संताप येतो तो याचाच. एकट्याची लबाडी पकडता येते. सगळ्यांची झाली की तिला पद्धत म्हणतात आणि तिच्यावर सही मिळते.

मी रिपोर्टात आकडे लिहिले, कारण लिहिलं, फोटो जोडले. कुंदा सिस्टरची नोकरी राहिली. त्यांची माफी कोणी मागितली नाही. ठेकेदाराने कंपाउंडचे लाइट लावून काम पूर्ण केलं.

तुमच्या गावात शाळेचं, दवाखान्याचं, पंचायतीचं नवीन वायरिंग झालं, तर सही व्हायच्या आधी तिथे उभे राहा. लोड लावून, म्हणजे यंत्र चालू ठेवून, मोजायला लावा. एक भागाकार, एक गुणाकार. पाचवीच्या पोरांना येतात. आणि ते करायच्या आधी कोणत्याही बाईला दोषी ठरवू नका.