एका दाताचा गिअर

१९८४ साली मी एकोणसाठ वर्षांचा होतो, आणि तोवरच्या आयुष्यात आमच्या व्याह्यांइतका शांत आणि त्यांच्याइतका उतावळा माणूस मला भेटला नव्हता. दोन्ही एकाच अंगात. चालायचे सावकाश, जेवायचे सावकाश, बोलायचे तर त्याहून सावकाश. पण समोरच्यानं तोंड उघडलं की यांचा उजवा हात वर. "थोडक्यात?" असं विचारायचे. रागानं नाही, उलट फार मऊ आवाजात. लग्नात भटजींनी संकल्प सुरू केला, देश, काळ, नद्यांची नावं यायला लागली, तेव्हा यांचा हात धोतरावरून दोनदा उचललेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे.

ते माझ्या मुलीचे, सुमनचे सासरे. राहायचे घाटकोपरला तिसऱ्या मजल्यावर आणि नोकरीला होते ट्रॉम्बेच्या बाजूला, एका सरकारी संशोधनाच्या कचेरीत. तिथला कंप्युटर थंडगार खोलीत ठेवावा लागे, म्हणून हे मे महिन्यात काखेत स्वेटर घेऊन घराबाहेर पडत. शेजारणी सुमनला हळूच विचारायच्या, "सासऱ्यांना हिवताप आहे का गं?" तो कंप्युटर करतो काय, हे मी लग्न ठरवतानाच विचारून घेतलं होतं. मुलगी द्यायची तर घरातल्या माणसाचा धंदा कळायला हवा. ते म्हणाले, "शाळेत तुम्ही पदावलीला सोपं रूप दिलं असेल." मी म्हटलं, "मी चौथीत शाळा सोडली. मास्तर अपूर्णांकापर्यंत आले आणि मी मुंबईला आलो." यावर ते हसले नाहीत, हे मी मनात लिहून ठेवलं. त्यांनी पिशवीतून हिरव्या पट्ट्यांचा, दोन्ही कडांना भोकं असलेला लांबच लांब कागद काढला आणि मला समजावलं. त्यांच्याकडच्या शास्त्रज्ञांची सूत्रं पान पान लांब असतात. माणूस ती वरखाली काटाकाट करत लहान करायला बसला तर महिना जातो आणि एखादं उणे चिन्ह हरवतं. यांनी बारा वर्षं खपून ते काम कंप्युटरला शिकवलं होतं. लांबलचक सूत्र आत गेलं की आटोपशीर होऊन बाहेर येतं. "सांगावंसुद्धा लागत नाही," ते म्हणाले, "आपोआप." आपोआप हा शब्द ते असा म्हणायचे, जसं दुसऱ्या कुणी नातवाचं नाव घ्यावं.

आता बारा वर्षं एखाद्याला काही शिकवलं की शिकवणाऱ्याच्याही अंगात ते मुरतं. लग्नाच्या बोलणीला माझ्या बायकोनं मानपानाची यादी करवून घेतली होती. आम्ही मालवणकडचे, यादीत कमी काही नाही. व्याह्यांनी पेन्सिल काढली. "तुम्ही आम्हाला धोतरजोडी देणार, आम्ही तुम्हाला धोतरजोडी देणार. दोन्ही बाजूंना धोतर आहे. उडवा." धोतर उडालं, उपरणं उडालं, आमच्याकडची आत्या आणि त्यांच्याकडची आत्या आपापल्या साड्यांसकट एकमेकींना छेदून गेल्या. चहा निवायच्या आत यादीत नवरा आणि नवरी एवढेच उरले. घरी येऊन बायको म्हणाली, "तेंची बायल असती तर ह्यां झाला नसता." व्याह्यांची बायको त्याआधी सहा वर्षं वारली होती. माझी धोतरजोडी तर विकत आणून झाली होती, आणि आणलेली वस्तू मी परत नेत नाही. लग्नाच्या मांडवात मी ती त्यांच्या हातावर ठेवलीच. त्यांनी कपाळाला लावली आणि तीच मला परत आहेर केली.

सुट्टीच्या दिवशी ते खाली उतरत नसत. तीन जिने उतरायचे आणि तेच तीन परत चढायचे, बेरीज शून्य, असा त्यांचा हिशेब. सुमननं स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर त्यांचे जुने हिरवे कागद अंथरले होते. एकदा पाणी प्यायला म्हणून आत गेले ते तासभर बाहेर येईनात. सुमन पाहते तर तूरडाळ, रवा, पोहे सगळे डबे जमिनीवर, आणि हे स्टुलावर उभे राहून फळीवरच्या कागदावर लाल पेन्सिल चालवतायत. डाळीच्या डब्याखाली त्यांना दोन वर्षांपूर्वीची चूक सापडली होती. आणि पत्रं. मला पहिलं पोस्टकार्ड आलं त्यात चार ओळी होत्या. इकडील सर्व क्षेम, सुमन ठीक, नळाला पाणी एक वेळ येते, आपले कुशल कळवावे. दुसऱ्या कार्डावर एकच शब्द, "पूर्ववत." पुढची सगळी कार्डं तशीच. माझ्या बायकोला वाचता येत नव्हतं, ती म्हणायची, वाचा. मग मी तिला पहिलं पत्रच पुन्हा पूर्ण वाचून दाखवायचो, नळाच्या पाण्यासकट.

मी मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका लहान कारखान्यात टर्नर होतो. चौथी शिकलेला, पण इंचाचा हजारावा भाग, ज्याला आम्ही थाउ म्हणतो, तो बोटाच्या टोकाला कळायचा, आणि हे मी न विचारता सांगायचो. व्याह्यांना आमचा कारखाना आवडे. शनिवारी दुपारी कचेरी सुटली की साकीनाक्याला बस बदलून येत आणि लेथशेजारी स्टुलावर बसून राहत. लेथवर लोखंडाला आटे पाडायचे तर बाजूला गिअरची जोडी बसवावी लागते, एक फिरवणारा, एक फिरणारा. कुठल्या आट्याला कुठली जोडी, ते माझ्या वहीत होतं. चाळीस-ऐंशी, तीस-पंचाहत्तर, साठ-नव्वद, म्हणजे तेवढ्या तेवढ्या दात्यांचे गिअर. तीस वर्षांचं तेल पिऊन त्या वहीची पानं पारदर्शक झाली होती. व्याही एकदा म्हणाले, "द्या माझ्याकडे. मशीनवर छापून आणतो. भिंतीला लावा, सगळ्यांना दिसेल." ती वही मी मालकालासुद्धा हातात दिली नव्हती. त्यांना दिली.

तीन आठवड्यांनी ते आले. काखेत स्वेटर, एका हातात पेढ्यांचा पुडा, दुसऱ्या हातात कागदाची गुंडाळी. स्वतः स्टुलावर चढून त्यांनी तक्ता भिंतीला लावला. अक्षर झकास, रांगा सरळ. मी चष्मा लावून पाहिलं. चाळीस-ऐंशीच्या जागी छापलं होतं, एक-दोन. तीस-पंचाहत्तरच्या जागी दोन-पाच. साठ-नव्वदच्या जागी दोन-तीन. खालपर्यंत तसंच. त्यांच्या कंप्युटरनं माझ्या वहीला कुणी न सांगता सोपं रूप देऊन टाकलं होतं.

मी म्हटलं, "व्याही, एका दाताचा गिअर कुठल्या दुकानात मिळतो?"

त्यांना आधी कळलंच नाही. "किंमत तीच आहे की," म्हणाले.

"किंमत तीच आहे. पण मी लेथला किंमत बसवू की लोखंड?"

ड्रिलिंग मशीनवरचा कांबळे पेढा खाता खाता म्हणाला, "काका, आमचा आजा आहे एका दाताचा. आणू का बसवायला?" सगळा कारखाना हसला. आणि खरं लिहायचं तर सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. चौथीतून पळालेल्या माणसानं कंप्युटरला पकडलं होतं, मला हसू आवरेना. व्याह्यांनी तक्ता उतरवला, घडी घातली, आणि त्या उकाड्यात पत्र्याखाली उभं राहून स्वेटर अंगात घातला. सगळी बटणं लावली. "येतो," म्हणाले आणि गेले.

त्यानंतर कार्ड आलं नाही. "पूर्ववत"सुद्धा नाही. शनिवारचं स्टूल रिकामं राहायला लागलं. बायको म्हणाली, "तुमी हसल्यात कित्याक?" मी म्हटलं, चूक त्यांची होती. ती म्हणाली, "आणि चेडू खंय ऱ्हवता?" मुलगी कुठे राहते, हे ती मला विचारत होती. मुलीचा बाप होऊन मी मुलाच्या बापाला चारचौघांत हसलो होतो, आणि सुमनला सातवा महिना लागत होता. पहिलं बाळंतपण माहेरी. त्यासाठी बापानं स्वतः जाऊन तिच्या सासऱ्यांना विचारायचं, ही आमच्याकडची रीत. ते नाही म्हणाले असते तर माझ्या एका हसण्याची शिक्षा माझ्या मुलीनं भोगली असती. माफी मागावी असं मला वाटत होतं. पण मी जन्मात कुणाची मागितली नव्हती, आणि नसलेली सवय एकोणसाठाव्या वर्षी कुठून आणायची.

रविवारी घाटकोपरला गेलो. बसमध्ये मी एक वाक्य पाठ केलं होतं, त्यांना आवडेल इतकं आखूड. दार त्यांनीच उघडलं. मी चप्पल काढायच्या आधीच म्हटलं, "सातवा लागलाय, सुमनला न्यायला आलो." सुमन स्वयंपाकघराच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी होती. मग व्याह्यांचा उजवा हात वर गेला. मी मनात म्हटलं, आता याहून थोडक्यात मी काय सांगू.

"थोडक्यात नको," ते म्हणाले. "बसा. सगळं सांगा."

"सगळं म्हणजे काय?"

"कुठे ठेवणार तिला, कोण बघणार, सगळं."

मग मी सांगितलं. खाट खिडकीजवळ लावली आहे. वारा पुढच्या बाजूनं येतो, पण पडदा केला आहे. माझी वहिनी गावाहून येणार आहे, येताना कुळीथ आणणार आहे. प्रसूतिगृह चालत सात मिनिटांवर, रिक्षानं दोन. ते मध्ये मध्ये विचारत होते. "वहिनींना मुंबईचं पाणी मानवतं का? रात्री रिक्षा मिळते का तिथे?" इतकं लांब मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. सुमननं दोनदा चहा आणला. शेवटी ते म्हणाले, "न्या. आणि मला रोज कळवा. सविस्तर."

मी उठणार तोच ते म्हणाले, "तुम्ही हसलात म्हणून मी गेलो नाही, व्याही. तुमचं बरोबर होतं, म्हणून गेलो." त्यांनी चष्मा काढून पुसला. "चाळीस-ऐंशीचं अर्धं करता येतं. अर्ध्यावरून चाळीस-ऐंशी परत मिळत नाहीत. हे मला माहीत असायला हवं होतं. आमची ही बाजारातून आली की सांगायला बसायची. भाजीवाली काय म्हणाली, तिच्या सुनेचं काय झालं. मी विचारायचो, थोडक्यात? असं काही वर्षं चाललं. मग मी कचेरीतून आल्यावर विचारायचो, काय विशेष? ती म्हणायची, काही नाही. शेवटपर्यंत तेवढंच म्हणत राहिली, काही नाही. मला वाटायचं, काय छान, किती सोपं झालंय सगळं."

त्यांनी कपाटातून माझी वही काढून दिली आणि तिच्याबरोबर एक मोठा कागद. हातानं आखलेला, हातानं लिहिलेला तक्ता. चाळीस-ऐंशी. तीस-पंचाहत्तर. साठ-नव्वद. माझ्या वहीत जसं होतं तसं. "मशीन ऐकत नाही अजून," ते म्हणाले. "मी आपोआप शिकवून बसलोय. आता थांबायला शिकवतोय. दिलं तसं राहू दे, सांगितलं तरच लहान कर. हे जास्त अवघड आहे." माफी तेवढी मागायची राहिली. मी तक्ता गुंडाळून काखेत घेतला.

जिन्यापर्यंत पोचवायला आले तेव्हा त्यांनी विचारलं, "एका दाताचा गिअर खरंच होत नाही का हो?"

"मिळत नाही म्हटलं होतं," मी म्हणालो. "होत नाही असं मी म्हटलेलं नाही." आणि रविवार असून ते तीन जिने उतरून मला बसस्टॉपपर्यंत सोडायला आले.

सुमनला मुलगी झाली. ती बोलायला लागली तेव्हा तिच्या गोष्टीत एकच वाघ चार वेळा मरायचा आणि पाचव्यांदा जेवायला यायचा. व्याही ती गोष्ट हात मांडीवर ठेवून शेवटपर्यंत ऐकायचे. आता ते जाऊनही पुष्कळ वर्षं झाली. कारखाना बंद पडला त्याबरोबर त्यांचा तक्ता गेला, कार्डं तेवढी माझ्याकडे आहेत.

पण मी सांगत होतो त्या रविवारचं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भोंग्याच्या आधी कारखान्यात गेलो. भंगाराच्या पेटीतून पितळेचा तुकडा काढला, गोल केला, आणि कडेला एकच दात ठेवून बाकी सगळं उतरवलं. शेजारी दहा दात्यांचं लहान चाक बसवलं, दोन्ही एका लोखंडी पाटीवर. बोटानं फिरवून पाहिलं. जवळजवळ अख्खा फेरा पितळेचं चाक एकटंच फिरलं, दुसरं जागचं हललं नाही. मग तो दात आला, अलगद लागला, आणि दुसरं चाक एक घर पुढे सरकलं. पुन्हा अख्खा फेरा वाट पाहिली, पुन्हा एक घर. कांबळे डबा हातात घेऊन मागे केव्हा येऊन उभा राहिला होता कोण जाणे.

"काका, हे कोणासाठी?"

"व्याह्यांसाठी."

"करतं काय हे?"

थोडक्यात सांगता आलं असतं. मी शनिवारचं स्टूल त्याच्याकडे सरकवलं, "बस," म्हटलं, आणि पहिल्यापासून सांगायला घेतलं.